टाचणात बोडी

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेले गुरुजन हो,

मंडईचे दिवस आहेत, गावोगावी रात्रभर दंडारी चालल्या आहेत. तरी तुम्ही सकाळी वेळेवर हजर झालात. सालेकसा-देवरीकडची मंडळी तर अंधारातच निघाली असतील.

निवृत्त मास्तराच्या हाती माईक दिलात, तेव्हा एक कबुली ऐकावी लागेल. माझ्या शाळेच्या मागेच मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची, पाळ होती. तरी ‘पाणी’ हा घटक मी कित्येक वर्षं फळ्यावरच शिकवला. टाचणात पद्धतीच्या रकान्यात ‘प्रश्नोत्तर, चर्चा, दिग्दर्शन’ हे शब्द ठरलेले. एकदा एका पोरीने विचारलं, “गुरुजी, तुडूम खोलल्यावर पयलं पानी कोनाच्या बांधीत जाते जी?” मला सांगता येईना.

पुढच्या वर्षी घटक शेवटाकडून मांडला. अखेरच्या तासाला मुलांनी गावच्या पाणीवाटपाचा नकाशा काढून समजावून सांगायचा, हे आधी ठरवलं आणि मागे मागे येत तासिका बसवल्या. पाहण्यासाठी पाळेवरची फेरी. गाळ किती साचला हे पुस्तकात नाही, म्हणून ढीवर आजोबांची मुलाखत. पावलांनी पाळ मोजली, तिथे गणित आलं. पाण्यावरून भांडणारे दोन शेतकरी मुलांनी दंडारीच्या थाटात उभे केले, आणि वर्गात कधी तोंड न उघडणारा एक जण पोवारीत असा तडकला की समोरच्याला उत्तर सुचेना. व्याख्यानही ठेवलं, दहा मिनिटांचं. कोहळींनी हे तलाव बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलावांच्या नावाआधी ‘माजी’ लागलं, हे पाळेवर फिरून कळत नाही.

पण कारणाशिवाय एका घटकात पाच पद्धती कोंबल्या की पर्यवेक्षक खूश होतात; मुलांचं काय होतं ते आपण सारे जाणतो. कुठली पद्धत घ्यायची, ते मुलाने काय करून दाखवायचं यावर ठरावं. आपल्या वर्गांत घरी पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. एकाच वाटेने सारी कशी येतील?

एक विनंती करतो आणि बसतो. दुपारच्या गटकामात प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातला एक तलाव किंवा बोडी निवडून एका घटकाचं नियोजन लिहून द्यावं. कोरे कागद दारापाशी टेबलावर ठेवले आहेत.