पहिला घाणा : चपळ कामाची आणि चपळ संस्थेची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्यापूर्वी कार्यवाह काकांनी फोन करून विषय विचारला. आम्ही म्हणालो, "अ‍ॅजाइल बिझनेस अ‍ॅनालिसिस." काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विषय उत्तम आहे, पण पत्रिकेत मराठीत काय छापू तेवढं सांगा." आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. वीस वर्षे ज्यावर घर चालले, ते काम आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगता येऊ नये, याची थोडी लाज वाटली. आजचे बोलणे म्हणजे काकांच्या त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

काचीगुडा, सुलतान बाजार, बडीचौडी या भागांत आपली कितीतरी घरे पिढ्यान् पिढ्या राहिली. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इथेच राहिलो. आपले आजोबा शाळेत, रेल्वेत, कचेरीत नोकरीला होते. त्यांचे काम घरातल्या लहान मुलालाही कळत असे. १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि आपली मुले सकाळी हायटेक सिटीकडे जाऊ लागली. ती तिथे नेमके काय करतात हे मात्र घरच्यांना सांगता येईना. "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढ्यावर विषय संपतो.

आम्ही दोघे प्रोग्रॅम लिहीत नाही. आमचे काम विचारण्याचे आहे. ज्याला यंत्रणा हवी आहे त्याची खरी अडचण काय, ती कशाने सुटेल, त्यातले आधी काय करायचे आणि काय करायचेच नाही, हे शोधणारा माणूस म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट. घर बांधताना गवंड्याच्या आधी "स्वयंपाक कोण करतं? ओट्याची उंची किती हवी?" असे विचारणारा कोणीतरी लागतो, तसेच हे.

आता आमचीच एक चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी नोंदणीची यंत्रणा करायची होती. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. आम्ही सात महिने वरच्या मजल्यावर बैठका घेतल्या. प्रशासक, लेखापाल, विभागप्रमुख सगळ्यांना भेटलो आणि दोनशेहून अधिक पानांचा दस्तऐवज तयार केला. प्रत्येक पानावर सही झाली. पुढचे वर्ष यंत्रणा बनवण्यात गेले.

सुरू करायचा दिवस सोमवार होता. सकाळी आठ वाजता खिडकी उघडली आणि साडेनऊला रांग फाटकाबाहेर गेली. आमच्या यंत्रणेत तेवीस रकाने भरल्याशिवाय रुग्णाला क्रमांकच मिळत नव्हता. पत्ता, व्यवसाय, विमा, जवळच्या नातेवाइकाचा फोन, सगळे सक्तीचे. खिडकीवर एक ज्येष्ठ बाई होत्या, सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्या इतकी वर्षे सकाळी फक्त नाव, वय आणि तक्रार टिपून माणसाला डॉक्टरकडे पाठवत. बाकीची माहिती दुपारी गर्दी ओसरल्यावर भरत. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, कारण आम्ही कोणाला विचारलेच नाही. दुपारी बारा वाजता अम्मांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले. रांग हलली. आमची दीड वर्षाची मेहनत तिथेच संपली.

त्या कामात आमचा एक ज्येष्ठ सहकारी होता. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "चला, दोन दिवस खाली खिडकीजवळ बसू या." आम्ही म्हणालो, "वेळापत्रकात तेवढी सवड नाही." हे वाक्य आजही आठवते.

या प्रकाराला आमच्या क्षेत्रात 'धबधबा पद्धत' म्हणतात. आधी सगळे विचारा, मग सगळे लिहा, मग सगळे बनवा, शेवटी तपासा. पाणी वरून खाली येते, परत वर जात नाही. गंमत अशी की विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली ज्या लेखात हा क्रम आकृतीने दाखवला, त्याच लेखात असे काम जोखमीचे आहे असा इशाराही दिला होता. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जण एकत्र आले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्ये आणि बारा तत्त्वे. आपल्या भाषेत सांगायचे तर ते म्हणतात, काम थोडे थोडे पूर्ण करून दाखवा, ज्याच्यासाठी करता त्याला सोबत घ्या, आणि मध्येच काही नवे कळले तर बदलायला कचरू नका. कागदपत्रे, करार, आराखडे फेकून द्या असे त्यांनी म्हटलेले नाही. आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे, एवढेच म्हटले आहे.

काकू, हे तुम्हाला नवे नाही. आज सकाळी नैवेद्याच्या उकडीच्या मोदकांचा पहिला घाणा कितीचा होता? पाच-सात. एकशे एक मोदक वळून मग पातेले चढवले असे कोणी करत नाही. पहिला घाणा उतरला, एक फुटला, तर उकड पुन्हा मळायची, पाण्याचा हात लावायचा आणि मग पुढचे वळायचे. आम्ही रुग्णालयात एकशे एक मोदक वळून बसलो होतो.

एक जाहीर उदाहरण देतो. अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या फाइली संगणकावर आणण्याची एक योजना सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून दिली. २००६ मध्ये 'सेंटिनल' नावाची दुसरी योजना सुरू झाली, तीही रखडली. २०१० मध्ये त्यांनी ते काम कंत्राटदाराकडून आपल्या हातात घेतले, छोटा गट केला आणि दर दोन आठवड्यांनी चालू तुकडा दाखवायला सुरुवात केली. जुलै २०१२ मध्ये ती यंत्रणा सर्वांसाठी सुरू झाली. कामाचे तुकडे लहान झाले आणि चूक दोन वर्षांऐवजी दोन आठवड्यांत दिसू लागली, हा त्यातला मोठा फरक.

या पद्धतीत आमच्यासारख्यांचे काम बदलते. दोनशे पानांऐवजी छोट्या चिठ्ठ्या येतात. अम्मांची चिठ्ठी अशी झाली असती : 'नोंदणी खिडकीवरची कर्मचारी म्हणून मला फक्त नाव, वय आणि तक्रार टिपून क्रमांक देता यावा, म्हणजे सकाळची रांग थांबणार नाही.' कोण, काय आणि कशासाठी. त्यातला 'कशासाठी' सर्वात महत्त्वाचा. चिठ्ठी ही बोलण्याची आठवण असते, त्यामुळे ती लिहिली की काम संपत नाही. बोलणे सुरू होते. मग खरे उदाहरण घ्यायचे : बेशुद्ध माणूस आला, नाव सांगणारे कोणी नाही, तर क्रमांक कसा द्यायचा? अशा एका उदाहरणाने जे बाहेर येते ते सहा बैठकांत येत नाही.

पण अ‍ॅजाइलची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही वर्षांनी एका कंपनीने थाटात जाहीर केले की आपण आता अ‍ॅजाइल झालो. स्क्रम ही त्यातली प्रसिद्ध चौकट. तिच्यात तीनच जबाबदाऱ्या लिहिलेल्या आहेत, अ‍ॅनालिस्टचा उल्लेख नाही. कोणीतरी तो कागद शब्दशः वाचला आणि आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याची नोकरी गेली. खिडकीजवळ बसू या म्हणणारा तोच माणूस! वय सत्तेचाळीस, मुलगी बारावीला. आज तो दुसऱ्या गावी आहे, बरे चालले आहे. पण ते वर्ष त्या घराने कसे काढले ते आम्ही जवळून पाहिले आहे. चौकटीत पदाचे नाव नसले तरी विचारण्याचे काम संपत नाही, हे त्या कंपनीला पुढच्या दोन फसलेल्या कामांनी शिकवले.

म्हणून आज आम्ही प्रशिक्षण देतो तेव्हा पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. दोन दिवसांचा वर्ग, रंगीत चिठ्ठ्या, शेवटी प्रमाणपत्र आणि सोमवारी पुन्हा जुनाच कारभार, असे बऱ्याचदा होते. सकाळच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या बैठकीची हजेरी होते. कामाचा वेग मोजायचा तो गटाला पुढचा अंदाज यावा म्हणून. त्याची छडी होते. मुले रात्री अकराला घरी येतात आणि आई विचारते, "हेच का तुमचं अ‍ॅजाइल?" नाही काकू, हे नाही. दीर्घकाळ टिकेल अशाच गतीने काम करावे, असे बारा तत्त्वांपैकी एक स्पष्ट सांगते.

आमच्या वर्गात आता बनावट उदाहरणे नसतात. प्रत्येक गटाने स्वतःचे अडलेले काम आणायचे. एक दिवस खिडकीजवळ, गोदामात किंवा दुकानात बसायचे. परत येऊन जे पाहिले ते सांगायचे, त्यातून सर्वात लहान उपयोगी तुकडा निवडायचा, आणि सहा आठवड्यांनी आम्ही पुन्हा जाऊन विचारायचे की काय बदलले. वरिष्ठांनी पहिला अर्धा दिवस बसलेच पाहिजे, ही आमची अट आहे. ती मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही.

ही अट का? कारण एकटा गट चपळ होऊन भागत नाही, संस्था चपळ व्हावी लागते. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसला तर दोरी ओढता येते. मदतीला लगेच माणूस येतो, आणि दोष सुटला नाही तर साखळी थांबते. दोरी कोणीही बांधू शकतो. ती ओढणाऱ्याला ओरडा बसत नाही, हे मात्र मालकाला शिकावे लागते. ज्याला अडचण दिसते त्याला निर्णयाचा थोडा तरी अधिकार असणे, हा चपळ संस्थेचा पाया आहे. सगळीकडे हे चालत नाही, हेही खरे. पुलाचा पाया थोडा थोडा घालून बघू असे म्हणता येत नाही, आणि विसर्जनाची परवानगी वेळेतच काढावी लागते. जिथे काय हवे हेच नीट माहीत नाही, तिथे मात्र पहिला घाणा लहान ठेवावा.

आता घरचेच उदाहरण. तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने मुलांचा मराठी वर्ग सुरू केला. अभ्यासक्रम आम्हीच केला होता, वर्षभराचा : दिवाळीपर्यंत मुळाक्षरे, संक्रांतीपर्यंत बाराखडी, मग वाचन. जूनमध्ये अठ्ठावीस मुले आली. दिवाळीनंतर सात उरली. दुसऱ्यांना शिकवणारे आम्ही, आणि आपल्याच वर्गात पुन्हा दोनशे पाने लिहून बसलो होतो.

मग आम्ही घरोघर गेलो. एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आजी फोनवर बोलते ते मला सगळं समजतं. पण मला उत्तर येत नाही, म्हणून मी फोन आईला देते." त्या मुलीला बाराखडी नको होती, आजी हवी होती. आम्ही वर्ग बदलला. दोन आठवडे, एकच काम : आजीशी पाच मिनिटे मराठीत बोलायचे. शेवटच्या रविवारी खरोखर फोन लावायचा. पहिल्या रविवारी चार मुलांनी फोन लावले. एक आजी पलीकडे काही बोलूच शकल्या नाहीत.

आज वर्गात पंधरा मुले आहेत. फार नाहीत. लिहिणे मागे पडले, अशी काही ज्येष्ठांची तक्रार आहे, आणि ती योग्य आहे. पण आजीचा मोबाइलवरचा निरोप वाचता यावा म्हणून आता मुलेच अक्षरे विचारू लागली आहेत.

आमच्या दोन विनंत्या आहेत. कार्यकारिणीने या वर्गाला छोटे निर्णय आणि छोटा खर्च वार्षिक सभेची वाट न पाहता करू द्यावा. आणि पुढच्या वर्षी दहा दिवसांतली एक संध्याकाळ मागच्या दाराजवळ उभ्या असलेल्या आमच्या तरुण मंडळींच्या हाती पूर्ण द्यावी. त्यांना काय करायचे ते ठरवून न देता, "इथे कशासाठी यावंसं वाटेल?" एवढेच विचारावे. कार्यक्रम कदाचित फसेल. पहिला घाणा कधी कधी फुटतो, म्हणून कोणी मोदक करणे सोडत नाही. ती मंडळी दारातून परत गेली, तर मात्र हे सभागृह आणखी वीस वर्षांनी कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न आपल्यापुढे असेल.

काका, पत्रिकेसाठी मराठी शब्द मागितला होता. आम्हाला सुचला तो असा : 'आधी विचारा, थोडे करा, चाखून बघा.' जागा पुरत नसेल तर नुसते 'विचारा' छापले तरी चालेल.

 गणपती बाप्पा मोरया!