छत्तीस फोटोंचा हिशेब



फिल्मच्या एका रोलमध्ये छत्तीस फोटो बसतात. रोल हलक्या हातानं चढवला तर सदतिसावाही निघतो. आमच्या वेळचा हौशी छायाचित्रकार या छत्तिसांच्या हिशेबावर जगला. रोल विकत घ्यायचा, धुवायचे पैसे वेगळे, प्रिंटचे वेगळे, आणि हे सगळं महिन्याच्या पगारातून. त्यामुळं बोट दाबण्याआधी मनात प्रश्न यायचाच, की हा फोटो खरंच हवा आहे का?

मी व्यवसायानं छायाचित्रकार नाही. राजारामपुरीत राहिलो, बँकेत नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरलो. सुरुवात आगफाच्या ‘क्लिक थ्री’वर झाली. त्यात तर एका रोलवर बाराच चौकोनी फोटो. पुढं जुना पेंटॅक्स के-१००० हाती आला. त्यात सगळं हातानं करायचं; बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला.

कॅमेरा घेऊन निघालो की शेजारी हमखास विचारायचे, ‘कुणाचं लग्न हाय?’ त्यांचंही चुकत नव्हतं. फोटो म्हणजे बारसं, मुंज, लग्न, फार तर पन्हाळ्याची सहल. इस्त्रीवाला, पंक्चर काढणारा, जनता बाजार चौकात भाजीचा भाव करणारी बाई, यांच्यावर रोल खर्च करणारा माणूस जरा बिघडलेलाच. पण हे गाव कॅमेऱ्याचं आहे. आनंदराव पेंटरांनी सुरू केलेलं काम त्यांच्या पश्चात बाबूराव पेंटरांनी पुरं केलं आणि १९१८ मध्ये इथंच सिनेमाचा कॅमेरा तयार झाला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० चा, महाभारतातल्या कथेवरचा. पाच वर्षांनी त्याच बाबूरावांनी ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. पडद्यावर देवादिकांची गर्दी असतानाची ही गोष्ट आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण थांबून बघतात, मला शंकाच आहे.

आता अनुभवाचं थोडं सांगतो. कॅमेऱ्यातल्या काट्याला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही. समोर जे असेल ते तो मधल्या करड्या रंगाचं धरतो. पांढरा फेटा, पांढरा सदरा, मागं चुन्यानं रंगवलेली भिंत असली की काटा सांगतो, उजेड रग्गड आहे. त्याचं ऐकलं की उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा फोटोत काळा ठिक्कर पडतो. कपडे दिसतात, माणूस दिसत नाही. यावर उपाय साधा आहे. आपला तळहात त्याच उजेडात धरायचा, त्यावर माप घ्यायचं आणि छिद्र एक घर जास्त उघडायचं. रंगीत निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी पडला तर नाही. मी हे इतकं घोळवून सांगतो, कारण आपल्याकडच्या किती तरी जुन्या फोटोंत कष्टकरी माणसांचे चेहरे असेच हरवलेले आहेत.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी बराच काळ जात होतो. समोर म्हैस उभी, गिऱ्हाईक चरवी किंवा ग्लास घेऊन तिष्ठत, आणि धार तिथल्या तिथं काढून द्यायची. सकाळी लवकर उजेड बेताचाच असतो. ४०० एएसएचा रोल, छिद्र पूर्ण उघडं आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग. खांबाला पाठ टेकायची, श्वास रोखायचा. एवढ्या वेळात दुधाच्या धारेची पांढरी रेघ होते आणि म्हशीच्या शेपटीचा धूर होतो. माणूस मात्र स्थिर येतो, कारण धार काढणारा सहसा हलत नाही.

विचारून फोटो काढावा की न विचारता? मी विचारतो. ‘काका, एक काढू का?’ म्हटलं की काका उठतात, गुंडी लावतात, ताठ उभे राहतात. तो फोटो काढायचाच; तो त्यांचा. मग तिथंच रेंगाळायचं. दहा मिनिटांत ते आपल्या कामाला लागतात, आपल्याला विसरतात. तेव्हाचा दुसरा फोटो आपला. म्हणजे एका माणसाला छत्तीसपैकी दोन. परवडतं. आणि प्रिंट नेऊन द्यायची, हे ठरलेलं. रोल संपून धुऊन येईपर्यंत पंधरा-वीस दिवस जात. तोवर अख्खी गल्ली विचारायची, ‘फोटो आला का न्हाई अजून?’ खरी ओळख प्रिंट द्यायला गेल्यावर व्हायची.

पुस्तकं सांगतात, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा. रोजच्या दृश्यांना हा नियम लावू नये, असं माझं मत आहे. आमच्या गल्लीत बसलेल्या कल्हईवाल्याचा १९९३ चा एक फोटो माझ्याकडं आहे. भाता, कोळसा, पातेली, सगळं आलंय. पण आजची पोरं तो बघतात तेव्हा त्यांचं बोट जातं मागच्या पिवळ्या एसटीडी बूथच्या पाटीवर. ‘हे काय होतं?’ म्हणून विचारतात.

कोडॅकनं २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली आणि २०१२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. आता काही तरुण पुन्हा फिल्मकडं वळलेत, रोल बाहेरगावाहून मागवतात. त्यांना एकच सांगतो, निगेटिव्ह टाकू नका. लोक प्रिंट अल्बममध्ये लावतात आणि निगेटिव्हचं पाकीट कुठंतरी हरवतं. आमच्याकडं पावसाळ्यात बुरशीची भीती, म्हणून मी पाकिटं कोरड्या डब्यात ठेवतो. राजारामपुरीतल्या गल्ल्यांना आकडे आहेत, त्याची सोय अशी की पाकिटावर ‘सातवी, सप्टेंबर ९३’ एवढं लिहिलं की पुरतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर आला. धोक्याची पातळी ४३ फुटांची, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही उंचावर, आमच्याकडं पाणी आलं नाही. नदीकडच्या भागात मात्र घरांत चिखल शिरला. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेलं की फोटोंचा रंग हाताला यायचा. पुढं दोन महिन्यांनी दोघे भाऊ माझा पत्ता शोधत आले. थोरला म्हणाला, ‘आमच्या आबांचा एकबी फोटो ऱ्हायला न्हाई. तुम्ही कट्ट्यावर काढला हुता बघा.’

‘दूध कट्टा’ लिहिलेल्या पाकिटात आबा सापडले. दोन निगेटिव्ह होत्या. एकीत गुंडी लावून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे. दुसरीत धार काढताना, मान खाली. दोन्ही स्कॅन करून मोठ्या प्रिंट काढल्या. भिंतीवर लावायला अर्थातच उभा फोटो ठरला. थोरल्यानं तो कापडात गुंडाळलासुद्धा. पण धाकटा दुसराच फोटो हातात घेऊन बसला. मग त्यातली म्हैस कोणती, यावर दोघांत जुंपली. एक म्हणाला चंद्री, दुसरा म्हणाला चंद्रीची आई, शिंगाचं वळण बघ की. चहा येऊन गार झाला तरी त्यांचं ठरलं नव्हतं.