मूकपटांतील एक व्रतस्थ नट

नटाला पन्नाशी आली कीं त्याच्या नायकाच्या भूमिका बहुधा संपतात. अमेरिकन नट विल्यम हार्ट याची पडद्यावरील कारकीर्द मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावरच सुरू झाली.

हार्टचा जन्म १८६४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील न्यूबर्ग येथें झाला. बालपणाचा बराच काळ पश्चिमेकडील डाकोटा प्रांतांत गेला. तेथील गुराखी आणि सू जमातीचे मूळ रहिवासी त्यानें जवळून पाहिले. पुढें तो रंगभूमीवर गेला. १८९९ मध्यें ‘बेन-हर’ नाटकांतील मेसालाची भूमिका त्यानेंच केली. दौऱ्यावर असतां एकदां त्यानें पश्चिम प्रदेशावरील एक चित्रपट पाहिला. त्यांतील पोषाख व चालीरीति खोट्या पाहून तो अस्वस्थ झाला. खरा पश्चिम प्रदेश आपण दाखवावयाचा, असें त्यानें ठरविलें. १९१४ मध्यें तो निर्माता टॉमस इन्स याच्याकडे दाखल झाला.

हार्टचे नायक साध्या, मळक्या पोषाखांत वावरत. आरंभीं ते बहुधा दुर्वर्तनी असत. एखाद्या सात्त्विक स्त्रीच्या सहवासानें त्यांचें मन पालटे. १९१६ च्या ‘हेल्स हिंजेस’ मध्यें गांवगुंड प्रार्थनामंदिर जाळतात, तेव्हां असा पालटलेला नायक तें सारें गांवच पेटवून देतो. हार्ट हातवारे फारसे करीत नसे. त्याची स्थिर, करारी मुद्राच बोले. त्याचा कबरा घोडा फ्रिट्झ हाही प्रेक्षकांचा लाडका झाला. त्याच्या कथा भाबड्या असत, परंतु त्यांतील धूळ खरी असे.

पुढें लोकरुचि बदलली. टॉम मिक्सचा झगझगीत पोषाख आणि चित्तथरारक कसरती लोकांना अधिक आवडूं लागल्या. आपली धाटणी बदलण्याचा आग्रह हार्टलाही झाला. तो त्यानें मानला नाहीं. १९२५ मध्यें त्याचा ‘टंबलवीड्स’ हा अखेरचा मोठा चित्रपट निघाला. १८९३ सालीं चेरोकी पट्ट्यांतील जमिनीसाठीं हजारों माणसें घोडे व गाड्या पिटाळीत धांवलीं, तो प्रसंग त्यांत आहे. त्यानंतर हार्ट न्यूहॉल येथील आपल्या कुरणावर राहूं लागला.

१९३९ मध्यें तोच चित्रपट पुन्हां दाखविण्यांत आला, तेव्हां आरंभीं हार्टचें भाषण जोडलें होतें. ज्याला प्रेक्षकांनीं अबोलच पाहिलें होतें, तो नायक पंचाहत्तरीच्या घरांत येऊन त्यांच्याशीं बोलला. घोडदौड, धूळ आणि आपला दिवंगत घोडा यांच्या आठवणीनें त्याचा कंठ दाटून आला.

१९४६ मध्यें हार्ट निवर्तला. आपलें घर व कुरण त्यानें जनतेसाठीं लॉस एंजेलिस परगण्याच्या स्वाधीन केलें. लोकांनीं दिलेलें धन त्यानें लोकांना परत केलें. परंतु आपली कला मात्र त्यांच्या लहरीवर कधीं सोपविली नाहीं.