बिट अडकलं तर हातोडी बाजूला ठेवा

आजचं बोलणं लाकूडकाम करणाऱ्या गटांसाठी आहे. पाट, चौरंग, ट्रे, छोटे देव्हारे करणाऱ्या बऱ्याच गटांनी आता हातात मावणारं राउटर घेतलं आहे. दुकानात त्याला ट्रिमरही म्हणतात. कडेला गोलाई द्यायची किंवा नक्षीची खाच पाडायची तर तेच लागतं. प्रत्येक कामाला वेगळं बिट, म्हणजे दिवसातून चार वेळा बिट बदलणं आलंच.

आणि इथेच काम अडतं. गटांच्या बैठकांना गेलो की ही तक्रार हमखास येते : नट सैल केला तरी बिट निघत नाही. मग गावातल्या सुताराला नाहीतर कुणाच्या भावाला निरोप जातो. तो येईपर्यंत मशीन बंद, आणि लग्नसराईची ऑर्डर डोक्यावर. एका बैठकीत एक काकू म्हणाल्या, "बायकांचा जोर कमी पडतो, दुसरं काय!" आम्हाला हे पटत नाही. बिट जोराने निघत नाही, ते का अडकलं हे कळलं की निघतं. आज तेवढंच समजून घेऊ.

बिटाची दांडी ज्या चिरा पाडलेल्या छोट्या नळीत बसते, तिला कॉलेट म्हणतात. कॉलेट बाहेरून निमुळतं असतं. नट आवळला की ते आत दाबलं जातं, चिरा मिटतात आणि दांडी चहूबाजूंनी घट्ट धरली जाते. नट सैल केला की कॉलेटने उघडायला हवं. भुसा, लाकडाचा चीक, प्लायवूडचा गोंद किंवा गंज मध्ये साचला की ते उघडत नाही. गुळांब्याच्या बरणीचं झाकण पाक सुकून धरून बसतं ना, तसंच.

आता अडकलेलं बिट काढायचं कसं? पहिलं काम, मशीनची पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. काम नुकतंच थांबलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण बिट चटका देण्याइतकं तापलेलं असतं. मग बिट आपल्याकडे तोंड करून धरा आणि पान्याने नट घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा.

इथे एक गोष्ट नीट ऐका. बऱ्याच मशीनमध्ये नट एकदा सुटतो, हाताने थोडा फिरतो आणि पुन्हा घट्ट लागतो. आटे खराब झाले असं वाटून अनेकजणी तिथेच थांबतात आणि पक्कड घेऊन बिट ओढायला लागतात. पण ती दुसरी घट्ट जागा मुद्दाम ठेवलेली असते. तिथे नट कॉलेटला बाहेर खेचत असतो. पुन्हा पाना लावा आणि फिरवत राहा. 'कट' असा आवाज येतो आणि बिट सुटतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

साध्या मशीनमध्ये कॉलेट नटाला जोडलेलं नसतं. तिथे नट दोन फेरे सैल करा, पण पूर्ण काढू नका. मग लाकडाच्या तुकड्याने नटाच्या बाजूला हलके ठोके द्या, दांडा थोडा थोडा फिरवत चारही बाजूंनी. कॉलेट आपली जागा सोडतं. गंज धरला असेल तर गंज सोडवायच्या तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा ठोके द्या. नंतर ते तेल पूर्ण पुसायला विसरू नका. तेलकट कॉलेटमधून बिट चालू कामात घसरतं.

हातोडी मात्र नको. बिटाची धार कार्बाइडची असते. ती कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. तिचा टवका उडाला आणि लक्षात आलं नाही, तर मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणाऱ्या मशीनमधून तो तुकडा डोळ्यांत यायला वेळ लागत नाही. पकडीने दांडी धरली तर तिच्यावर ओरखडे पडतात, आणि तेच ओरखडे पुढच्या वेळी बिट अडकवतात.

आता बिट मुळात अडकूच नये म्हणून काय करायचं? कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

एक, बिट तळाला टेकवून आवळू नका. पूर्ण आत घाला, मग दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा, एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढं. धार आणि दांडी यांच्या जोडाजवळची गोलाई कॉलेटमध्ये जाता कामा नये. पण दांडीचा निदान तीन चतुर्थांश भाग आत हवा, नाहीतर पकड कमी पडते.

दोन, माप बघून बिट घ्या. दुकानात ६ मिलिमीटरची दांडी मिळते आणि पाव इंचाचीही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ ची दांडी कितीही आवळली तरी नीट धरली जात नाही, आणि कॉलेटही बिघडतं.

तीन, काम संपलं की बिट काढून डबीत ठेवा. मशीनमध्ये राहू देऊ नका. कोकणच्या पावसात तर एका आठवड्यात गंज दिसतो.

चार, आठवड्यातून एकदा कॉलेट काढून जुन्या टूथब्रशने घासा. चीक असेल तर थोडं रॉकेल लावा, चुलीपासून लांब बसून, आणि कोरडं पुसा. दांडीवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा.

पाच, आत बिट नसताना नट आवळू नका. कॉलेट चेपतं.

एवढं करूनही बिट वरचेवर अडकत असेल किंवा घसरत असेल, तर कॉलेट झिजलं असं समजा. ते सुटं मिळतं. मशीनचं मॉडेल सांगून मागवा. त्यासाठी नवं मशीन घ्यायला नको.

शेवटी गटाच्या अध्यक्ष-सचिव ताईंना एक सांगणं. ज्या गटात एकटीच बाई बिट बदलते, तिथे ती माहेरी गेली की मशीनही सुट्टीवर जातं. मशीनचा हप्ता मात्र सगळ्याजणी भरतात. म्हणून येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की मशीन मध्ये ठेवा. पिन काढलेली असू द्या. प्रत्येकीने एकदा बिट घालायचं, आवळायचं आणि काढायचं. ज्या म्हणतील "मला नाही जमणार", त्यांना पहिला नंबर द्या.