परमगुरूंची निवडणूक आणि राजांचा नकार



नव्या परमगुरूंच्या निवडीस बसतांना कार्डिनल मंडळी पवित्र आत्म्याची करुणा भाकते, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु इतिहासाचीं पानें चाळलीं म्हणजे त्याच मंडळींत राजांचे हस्तकही दिसतात. ही गोष्ट परक्यांच्या तोंडून टोमणा म्हणून ऐकण्यापेक्षां आपणच सांगावी, हें बरें.

सोळाव्या-सतराव्या शतकांत परमगुरू मध्य इटलींतील एका राज्याचेही धनी होते. नेपल्स व मिलान स्पेनच्या ताब्यांत असल्यामुळें रोमला कोण बसतो याची चिंता स्पेनला वाटे, आणि स्पेनला वाटे म्हणून फ्रान्सलाही वाटे. निवडीस दोन-तृतीयांश मतें लागत. आपला मनुष्य निवडून आणणें कठीण; पण नकोसा मनुष्य अडविण्यास एक-तृतीयांशाहून थोडीं अधिक मतें पुरत! दरबारांनीं हें गणित लवकर ओळखलें, व वर्षासनें देऊन ते कार्डिनलांस बांधून ठेवूं लागले. 1590 सालीं स्पेनचा वकील ओलिव्हारेस यानें तर मान्य अशा अवघ्या सात नांवांची यादीच पुढें केली. दोन महिने झगडा चालला, आणि त्या सातांतलेच स्फोंद्राती हे चौदावे ग्रेगरी झाले.

1621 त पंधराव्या ग्रेगरींनीं गुप्त लेखी मतदानाचा नियम घालून दिला. (याच परमगुरूंनीं 1622 त प्रोपागांदा संस्था स्थापिली, व पुढें 1637 त त्या संस्थेच्या द्वारें गोव्याचे मातेउश द कास्त्रु बिशप झाले. पाद्रोआदोचा वाद ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना याचें मर्म निराळें सांगावयास नको.)

मत गुप्त झालें, तेव्हां राजे उघड नकार सांगूं लागले. 1644 त स्पेननें कार्डिनल साक्केती यांस अडविलें. फ्रान्सच्या माझारँची त्यांच्यावर मर्जी, एवढाच त्यांचा अपराध. 1655 त पुन्हा तेंच झालें. या खेपेस कांहीं कार्डिनलांनीं कोणत्याच राजाचें ऐकावयाचें नाहीं असें ठरविलें. त्यांस 'उडतें पथक' असें नांव पडलें. त्यांचाही ओढा साक्केतींकडेच होता. दिवसामागून दिवस गेले, पण स्पेन हटेना. दुसरे योग्य पुरुष चिगी, तर त्यांच्याविषयीं माझारँच्या मनांत अढी. अशा वेळीं साक्केतींनीं स्वतःच माझारँला लिहिलें, कीं माझी आशा सोडा व चिगींची वाट मोकळी करा. ज्या आसनाच्या दाराशीं दोनदां पोंचून परतावें लागलें, तें आपल्या हातानें दुसऱ्यास देणें सोपें नसतें. ऐंशीं दिवसांनंतर, 7 एप्रिल रोजीं, चिगी सातवे अलेक्झांडर झाले. साक्केतींचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

राजांचा हा हट्ट विसाव्या शतकापर्यंत टिकला. 2 ऑगस्ट 1903 रोजीं ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार क्राकोचे कार्डिनल पुझिना यांनीं वाचून दाखविला. तो रांपोल्ला यांच्याविरुद्ध होता. कार्डिनल मंडळी संतापली, रांपोल्लांचीं मतें लगेच घटलीं नाहींत. तरी दोन दिवसांनीं निवड झाली ती सार्तो यांची. त्या नकारानें ज्यांची वाट मोकळी झाली, त्या दहाव्या पायस यांनींच 20 जानेवारी 1904 रोजीं असा नकार आणणाऱ्या कार्डिनलास धर्मबहिष्काराची शिक्षा ठरविली.