केर ओढावा, हात ओढू नये



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे विषय बोलले गेले आहेत. आम्ही आज बोलणार आहोत केर काढण्यावर. आणि त्यातही व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला जे रुंद, चपटे तोंड असते, ते फरशीवरून सहज कसे सरकावे एवढ्याच प्रश्नावर. विषय लहान आहे हे आधीच कबूल करतो. पण ‘हे यंत्र कुणाच्या घरी माळ्यावर पडून आहे?’ असे आम्ही या मंडपात विचारले, तर वर होणारे हात थोडे नसतील. ते माळ्यावर का गेले, याचे उत्तर या लहान विषयात आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट. आम्ही मुलुंडचे रहिवासी. आमच्याकडे केरवाऱ्याला येणाऱ्या मावशी वाकून वाकून कमरेने त्रासल्या होत्या. त्यांना आराम पडावा म्हणून एका दिवाळीत आम्ही यंत्र घेतले. पंधरा दिवसांत मावशींनी पुन्हा केरसुणी हाती घेतली. आम्ही विचारले, “मावशी, यंत्र असताना वाकता कशाला?” त्या म्हणाल्या, “काका, ते केराला ओढतं की मला ओढतं, तेच कळत नाही. मला अजून चार घरं करायची असतात.” आम्ही मनात म्हटले, जुने वळण, दुसरे काय! आणि यंत्र माळ्यावर चढवले.

पुढे एका सुट्टीत ते खाली काढले, दांड्याला ताणकाटा अडकवला आणि यंत्र चालू ठेवून तोंड फरशीवरून ओढून पाहिले. काटा तीन किलोंच्या खाली येईना. तीन किलोंचा ओढा एकदा काही वाटत नाही. पण एका खोलीत तोंड शंभर-दीडशे वेळा तरी पुढेमागे करावे लागते, आणि मावशींना खोल्या काही एकच नव्हत्या. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोष त्यांच्या वळणात नव्हता, तोंडाच्या घडणीत होता. आणि थोडा आमच्या समजुतीतही होता.

आता हा ओढा येतो कोठून ते पाहू. यंत्र केर ओढते असे आपण म्हणतो. वस्तुतः यंत्रातला पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा आत घुसताना धुळीला बरोबर नेते. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. समजा, तोंडाखालची पोकळी २५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. तिच्यातला दाब शेकडा एकाने उतरला, तर बाहेरची हवा त्या तोंडाला एक किलो भाराने फरशीवर दाबते. पण कडा गुळगुळीत फरशीला चिकटून बसल्या, हवेची वाट बंद झाली आणि दाब शेकडा दहाने उतरला, तर तोच भार दहा किलो होतो! त्यात कडेला रबराची पट्टी असेल, तर भाराच्या निम्म्याहून अधिक जोर नुसत्या घर्षणापोटी जातो.

म्हणजे गंमत अशी, की जी हवा केराला उचलते, तीच तोंडाला जमिनीशी जखडते. कुणी म्हणेल, मग तोंड उचलूनच ठेवावे. तसेही चालत नाही. यंत्र दर सेकंदाला तीस लिटर हवा ओढते आणि तोंडाच्या सभोवार, साठ सेंटिमीटरच्या घेरात, दोन मिलिमीटर फट आहे असे धरा. त्या फटीतून हवा सेकंदाला सुमारे पंचवीस मीटर वेगाने धावते. चांगले वादळच ते. फट चार मिलिमीटर केली, की वेग जवळजवळ निम्म्यावर येतो आणि बारीक धूळ जागची हलत नाही. फट फार कमी केली, तर तोंड चिकटते, आणि सांडलेले तांदूळ आत जाण्याऐवजी पुढे ढकलले जातात. सारी कारागिरी या एक-दोन मिलिमीटरांत आहे.

या यंत्राचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियराने केर फुंकण्याऐवजी ओढून घेण्याची कल्पना अमलात आणली. उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली, तर रुमालाच्या खालच्या अंगाला धूळ जमली. त्याचे पहिले यंत्र एवढे मोठे, की ते घोड्यांनी ओढत आणावे, रस्त्यावर उभे करावे आणि नळ्या खिडकीतून आत सोडाव्यात. घरात हाताळण्याजोगे यंत्र करणाऱ्यांत पुढचे नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील जेम्स मरे स्पँग्लर याचे. तो एका दुकानात झाडलोट करी आणि त्याला दम्याचा विकार होता. झाडताना उडणारी धूळ त्याच्याच छातीत जाई. पंखा, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने आपले यंत्र बनवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि पुढे ते हूव्हर यांच्या नावाने जगभर गेले. ज्याच्या हातात झाडू होता, त्यालाच या यंत्रातले खरे दुखणे कळले होते, हे ध्यानात ठेवावे.

परंतु ही यंत्रे वाढली ती जाड, जमिनीला जखडलेल्या गालिच्यांच्या देशांत. आपल्या उपनगरांत काय आहे? घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या इमारतींत मोझेक, कुठे शहाबादी, कुठे कोटा. अंधेरी-बोरिवलीच्या नव्या इमारतींत काचेसारखी गुळगुळीत टाइल. शहाबादीच्या सांध्यात लहान चाक अडकते. गुळगुळीत टाइलवर कड चिकटते. पावसाळ्यात फरशी दमट झाली, की रबर आणखीच धरते. आणि सतरंजी वा चटई तर नुसती अंथरलेली. तोंड तिच्यावर ठेवले, की तीच उचलून येते. जागोजाग जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत, तेव्हा सिमेंटची बारीक धूळ रोजची. यंत्राची गरज आहे, पण ते आपल्या जमिनीवर चालले पाहिजे.

मग चांगले तोंड कसे असावे? पहिली गोष्ट, पुढच्या कडेला खाचा असाव्यात. त्यांतून तांदूळ-पोहे आत जातात आणि हवेची वाट कधीच पुरती बंद होत नाही. दुसरी, कडेला रबराऐवजी दाट केसांची पट्टी असावी. केस सांध्यात उतरतात, धूळ सोडवतात आणि हवाही जाऊ देतात. सतरंजीसाठी ती पट्टी पायाने खटका दाबून वर घेता यावी. तिसरी, भार कडेवर नव्हे, चाकांवर यावा. चाके सांध्यात न अडकण्याइतकी मोठी, फरशीला ओरखडा न काढणारी आणि आसात गुंतलेले केस काढता येतील अशी हवीत.

चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे सांध्याची. दांडा तिरपा धरून आपण ढकलतो, तेव्हा जोराचा काही भाग तोंडाला खाली दाबतो. ओढतो, तेव्हा तोच भाग त्याला वर उचलतो. म्हणून ढकलणे जड आणि ओढणे हलके. दांड्याचा सांधा उंचावर असेल, तर ढकलताना तोंडाचे नाक जमिनीत खुपसते. सांधा जमिनीलगत आणि चाकांच्या मध्ये असावा, म्हणजे तोंड सपाट राहते. पाचवी, मुठीजवळ हवा सोडण्याची सरकती झडप असावी. ती उघडली, की चटई सुटते. मात्र ती सदैव उघडी ठेवून तोंडाचा दोष झाकता येत नाही. आम्ही तो उपाय करून पाहिला. हात सुटला, पण धूळही सुटली.

यांत मोठे शास्त्र नाही, मोजमाप आहे. इथून जवळच पवईला, आयआयटीत, १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. वस्तू माणसाच्या हाताला कशी बसते हा अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्या उपनगराला तेव्हापासून ठाऊक असायला हवे. १९८२ साली युरेका फोर्ब्स स्थापन झाली आणि विक्रेते यंत्र घेऊन दारोदार येऊ लागले. आपल्याच फरशीवर यंत्र पाहायला मिळे, ही उत्तम संधी होती. पण आपण पाहत होतो ते पिशवीत किती धूळ जमली ते. ढकलणाऱ्या हाताकडे आपण पाहिलेच नाही. आता आपोआप फिरणारी यंत्रे आली आहेत. त्यांत घर्षणाचा खर्च बॅटरीला सोसावा लागतो, म्हणून करणाऱ्याला तो मोजावाच लागतो. जिथे तो खर्च बाईचे मनगट आणि कंबर सोसत होती, तिथे आपण तो मोजला नाही.

आमच्या घरी पुढे केसांच्या पट्टीचे, चाकांचे तोंड आले. ताणकाट्यावर ओढा अर्ध्या किलोच्या आसपास भरला. पण आम्ही निकाल काट्यावर सोडला नाही. मावशींना म्हटले, “आधी तुम्ही चालवून बघा, मग आम्ही पैसे देतो.” त्यांनी दोन खोल्या फिरवल्या, पलंगाखाली घातले, उंबरठ्यावरून नेले, आणि म्हणाल्या, “आता हे माझ्यामागून येतं.” कोपऱ्यांसाठी मात्र त्यांनी केरसुणी ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. गाडगेबाबांनी तर खराटा हाती धरून गावेच्या गावे झाडली. झाडण्याच्या साधनाचा मान आपल्याला शिकवावा लागत नाही. ते साधन ज्या हातात असते, त्या हाताचा विचार मात्र अजून शिकायचा आहे. यापुढे यंत्र घ्याल तेव्हा ते आपल्याच फरशीवर, चालू स्थितीत, दोन बोटांनी ढकलून पाहा. आणि जी व्यक्ती ते रोज ढकलणार आहे, तिला आधी विचारा. तिने नको म्हटले, तर तिला हट्टी म्हणण्यापूर्वी एकदा ताणकाटा लावा.