पाळणा लांबवायचा, पण कुणाला विचारून?



मीरा-भाईंदरच्या वस्त्यांत फिरणाऱ्या कुठल्याही आशाताईला विचारा, "इथल्या बायकांना पाळणा लांबवायची साधनं ठाऊक नाहीत का हो?" ती हसेल. तांबी ठाऊक आहे, गोळ्या ठाऊक आहेत, ऑपरेशन तर चाळीतल्या तीन घरांत झालेलं आहे. मग घोडं अडतं कुठे?

अडतं ते घरात. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. माला-एन गोळ्यांचं पाकीट ठेवायचं कुठे? तांदळाच्या डब्यात ठेवावं, तर तांदूळ सासूबाई निवडतात. कपाटात ठेवावं, तर किल्ली नवऱ्याच्या खिशात. मग बाई अंतरा इंजेक्शनकडे वळते. तीन महिन्यांतून एकदा सुई, घरात मागमूस नाही. पण या इंजेक्शनाने पाळी पुढेमागे होते, मध्येच डाग दिसतात, कुणाची पाळी काही महिने येतच नाही. हे बहुतेक वेळा धोक्याचं नसतं. पण ज्या घरात अजून चार दिवस बाजूला बसायची रीत आहे, तिथे सासूबाईंना कॅलेंडर लागत नाही. आधी कुणी नीट समजावलेलं नसेल, तर ती बाई घाबरते आणि दुसऱ्या सुईला येतच नाही. आपण मात्र म्हणतो, बायका साधनं अर्ध्यावर सोडतात.

तांबीची भीती निराळी. "ती वर चढते, छातीत जाते," असं नळावर ऐकलेलं असतं. गर्भपिशवीतून छातीकडे जायला वाटच नाही, हे पाच मिनिटांत चित्र काढून दाखवता येतं. पण रांगेतल्या प्रत्येकीला पाच मिनिटं द्यायची, तर सिस्टरकडे तेवढा वेळ हवा.

दुसरी अडचण कामाची. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात रोजावर जाणारी बाई किंवा उत्तनहून मासळीची पाटी घेऊन निघणारी कोळीण सकाळी दवाखान्यात बसली, तर त्या दिवसाचा खाडा. साधन फुकट मिळतं, दिवस फुकट मिळत नाही.

तिसरी अडचण या शहराच्या घडणीतच आहे. 1991च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेदोन लाख होती, 2011मध्ये ती आठ लाखांवर गेली. म्हणजे बहुतेक घरं बाहेरून आलेली. बाळंतपणाला सून कोकणात, घाटावर, नाहीतर उत्तरेकडच्या गावी जाते. पुढच्या पाळण्याचा विचार जेव्हा व्हायला हवा, तेव्हा ती तिकडे असते. परत येते तेव्हा बाळ सहा-सात महिन्यांचं, आणि मनात एक ठाम समजूत: अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहायचे नाहीत. पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, हे तिला पुढच्या उलटीनंतर कळतं.

आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे जबाबदारीची वाटणी. 2019 ते 2021मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झाली आहे, असं सांगणाऱ्या होत्या 0.3 टक्के. म्हणजे एका पुरुषामागे सव्वाशे बायका. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. बिनटाक्याची, पोट न उघडता होणारी, त्याच दिवशी घरी सोडतात. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग एक तपासणी, मुख्य पथ्य एवढंच. तरीही "यांना जड उचलावं लागतं," म्हणून बायकोच टेबलावर जाते. भरलेला हंडा ती रोज उचलते, ते कुणी मोजत नाही.

पाळणा कुणाच्या इच्छेने लांबवायचा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. कर्व्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली. 1927पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. 1934च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे 1938मध्ये बाबासाहेबांनी संततिनियमनाच्या बाजूने लिहिलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात वाचून दाखवलं. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क असावा, हे मराठीत सांगून शंभर वर्षं होऊन गेली. त्या काळी साधनं सहज मिळत नव्हती. आज पालिकेच्या आरोग्य केंद्रात तांबी, अंतरा, आठवड्याची छाया गोळी, निरोध, सगळं विनामूल्य आहे.

एक गोष्ट फारच थोड्या घरांत ठाऊक आहे. सरकारी नियमांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. सही जिची शस्त्रक्रिया तिची. तांबीला किंवा इंजेक्शनाला नवऱ्याला विचारून ये, असं कुणी म्हणालं, तर तो रिवाज झाला, नियम नव्हे.

आता हे भाषण ऐकणाऱ्या पुरुषांना दोन शब्द. येत्या सुट्टीच्या दिवशी चहा पिताना बायकोला एवढंच विचारा, "तुला काय सोयीचं पडेल?" ती पहिल्यांदा बोलणार नाही, सवय नाही तिला. दुसऱ्यांदा विचारा. आणि दवाखान्यात जायचा दिवस ठरला, की त्या दिवसाचा खाडा तुम्ही करा. बाळ सांभाळायला कुणीतरी घरी लागेलच.